भाडे देता, पावती घेता का?

शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के प्रवेशांचे अर्ज सुरू झाले की आमच्या शाळेच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. ते प्रवेश आमच्याकडे नसतात. पण अर्ज कसा भरायचा, कोणता कागद कुठे जोडायचा हे विचारायला मोहल्ल्यातले आईबाप आमच्याकडेच येतात. मुलाचा जन्मदाखला असतो, आधार असते, उत्पन्नाचा दाखलाही धावपळ करून मिळवलेला असतो. अडते ते राहत्या पत्त्यापाशी. भाड्याने राहणाऱ्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरार मागितला जातो आणि तो बहुतेकांकडे नसतो. काहींकडे स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला कागद असतो. काहींकडे तोही नसतो.

"मॅडम, नऊ वर्षे त्याच खोलीत राहतोय. एक महिना भाडे चुकवले नाही. मोहल्ल्यात कोणालाही विचारा." असे सांगणारे वडील खोटे बोलत नसतात. नऊ वर्षे म्हणजे १०८ महिने. महिना सहा हजार धरले तरी साडेसहा लाखांच्या आसपास रक्कम झाली. एवढा पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि बदल्यात सही केलेली एक चिठ्ठीही आली नाही. हेच वडील मिक्सर घेताना वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आहे की नाही हे दोनदा बघतात.

शाळेचा प्रवेश हे त्यातल्या त्यात सौम्य उदाहरण. घरमालकाशी बिनसते, मालक वारतो आणि त्याची मुले समोर उभी राहतात, इमारत पुनर्विकासाला जाते, किंवा घरातला कर्ता पुरुष अचानक जातो, तेव्हा तोच प्रश्न फार कठोरपणे विचारला जातो. तुम्ही इथे कोण? कधीपासून? कशावरून?

आपण पावती का मागत नाही?

घरमालक पावती का देत नाहीत हे समजणे सोपे आहे. काहींना भाड्याचे उत्पन्न आयकरात दाखवायचे नसते. काहींच्या मनात जुनी भीती बसली आहे की लिहून दिले तर भाडेकरू कायमचा चिकटेल. पण आपण ती मागत का नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

एक कारण संकोचाचे. घर बहुधा ओळखीतून मिळालेले असते. मालक खालाच्या शेजारचे, किंवा गावाकडचे, किंवा त्याच मशिदीत नमाजला येणारे. "आपलेच लोक आहेत, लिखापढी कसली?" असे म्हटले की पुढे बोलणेच खुंटते. पावती मागणे म्हणजे समोरच्याच्या ईमानावर शंका घेणे, असा अर्थ लावला जातो. या समजुतीला दीनचा आधार अजिबात नाही. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, ही मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतक्या बारकाईने तिथे सांगितले आहे. घरमालकाकडे ठेवलेले डिपॉझिट हे तर मुदतीचे देणेच आहे.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि त्याला हसून चालणार नाही. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत आपल्या कुटुंबांना घर मिळवताना काय अनुभव येतात, हे या मासिकाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. फोनवर रिकामी असलेली खोली नाव सांगितले की "कालच गेली" होते. चार ठिकाणी असे झाल्यावर पाचव्या ठिकाणी जो मालक हो म्हणतो, त्याच्यापुढे अटी घालण्याची हिंमत कोण करणार? म्हणून माणूस मिळेल त्या शर्तीवर किल्ली घेतो आणि पावतीचा विषय काढत नाही. पण घर जेवढे कष्टाने मिळाले, तेवढेच ते तोंडी शब्दावर सोडणे धोक्याचे आहे. ते गेले तर दुसरे लवकर मिळणार नाही, हे आपल्यालाच सर्वांत चांगले ठाऊक आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात घरभाड्याचे व्यवहार मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने चालतात. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्यात आधी वेगवेगळे कायदे होते, ते रद्द होऊन हा एकच आला. त्यातली दोन कलमे प्रत्येक घरात माहीत असायला हवीत.

पहिले ३१ क्रमांकाचे. भाडेकरूकडून रक्कम मिळाली की त्याच वेळी लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे, आणि न देणे हा दंडनीय गुन्हा आहे. म्हणजे पावती ही मालकाची मेहरबानी नाही.

दुसरे ५५ क्रमांकाचे. घर भाड्याने दिलेले असो की 'लीव्ह अँड लायसन्स'ने, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. याहून कामाची गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. "लिहून दिले तर फसेन" असे म्हणणाऱ्या मालकाला हे वाक्य शांतपणे वाचून दाखवावे. लिहून न देणाराच जास्त फसतो.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की शिकलेली माणसेही तो सांगतात: अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही. देशाच्या सर्वसाधारण नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तशी सूट आहे, त्यावरून हे पसरले. महाराष्ट्रात ५५व्या कलमाने अशी सूट ठेवलेली नाही. अकरा महिन्यांचा असो की पाच महिन्यांचा, करार नोंदवायचाच आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त सह्या आपल्यासमोर झाल्या एवढे सांगतो. त्या कागदाची सरकारी दप्तरात कुठेही नोंद राहत नाही.

खर्चाचा बाऊ केला जातो, तोही विनाकारण. लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. मुदतीतले एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ते मोजतात. नोंदणी फी महानगरपालिका हद्दीत १,००० रुपये. नोंदणी व मुद्रांक विभागाने ही सोय ऑनलाइन केली आहे; आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या करार नोंदवता येतो. एजंट त्याचे वेगळे पैसे घेतात, ते आधी ठरवून घ्यावेत.

आता एक फरक समजून घेणे जरुरीचे आहे, कारण तो न कळल्याने माणसे वकिलाकडे जाऊन निराश होतात. जुन्या चाळीतला पिढीजात भाडेकरू आणि अकरा महिन्यांचा लायसन्सवाला यांचे हक्क सारखे नाहीत. भाडेकरू भाडे देत असेल, द्यायला तयार असेल आणि कराराच्या बाकी अटी पाळत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. लायसन्सवाल्याची मुदत संपली की त्याला घर सोडावेच लागते. नाही सोडले तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रकमेची नुकसानभरपाई लागू शकते. मालकांच्या बाजूनेही हे पाहायला हवे. आपल्या समाजात कितीतरी विधवा बहिणींचा संसार एका भाड्याच्या खोलीवर चालतो. मुदत संपूनही खोली न सोडणारा भाडोत्री त्यांच्या वाट्याला आला तर त्यांनाही हाच नोंदलेला करार वाचवतो.

हेवी डिपॉझिट

मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, मीरा रोड या भागांत 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत फार रुजली आहे. तीन-चार लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचे भाडे नाही किंवा नावापुरते, आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम परत. भाड्याचा मोबदला रकमेच्या वापरातून घेण्यावर उलमांचे आक्षेप आहेत. तो विषय जाणकारांनी लिहावा. मी फक्त कागदाबद्दल बोलते.

या व्यवहारात महिन्याची पावती नसते. त्यामुळे पहिल्या दिवशीचा कागद हाच एकमेव पुरावा. आणि नेमका तिथेच सर्वांत जास्त ढिलेपणा असतो. दागिने मोडून, गावची जमीन विकून किंवा आखाती देशात राबून जमवलेले चार लाख एजंटच्या ऑफिसात रोख मोजले जातात. करारात त्यातले पन्नास हजारच लिहिले जातात. "बाकीचे आपसात, स्टॅम्प जास्त लागेल" असे एजंट सांगतो. वरच्या हिशेबाने पाहा: चार लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाचे चाळीस हजार, त्याचा पाव टक्का शंभर रुपये. शंभर रुपये वाचवण्यासाठी साडेतीन लाख बिनपुराव्याचे ठेवले.

मग अकरा महिने संपतात. मालकाने ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा दुसऱ्या फ्लॅटमध्ये घातलेली असते. तो म्हणतो, नवीन पार्टी आली की तिच्या पैशातून देतो. नवीन पार्टीला घर दाखवायला तुम्ही खोली रिकामी करून द्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने चांगुलपणाने तशी किल्ली दिली. बाई दोन वर्षे त्या मालकाच्या दारात खेटे घालत होती. दर वेळी थोडे थोडे करून तिला निम्मे पैसे मिळाले, आणि निम्म्याचा कागदच नव्हता.

म्हणून हेवी डिपॉझिट देणाऱ्याने रक्कम पूर्ण लिहून घ्यावी, बँकेतूनच द्यावी, आणि डिपॉझिटची परतफेड व घराचा ताबा एकाच वेळी होईल हे वाक्य करारात घालून घ्यावे. देण्याआधी घर खरोखर त्याच माणसाचे आहे का हेही बघावे. घरपट्टीचे ताजे बिल, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, खरेदीखताचा इंडेक्स टू हे कागद मागितले म्हणून चांगला मालक रागावत नाही. फ्लॅटवर बँकेचे कर्ज आहे का हे सरळ विचारावे आणि उत्तर करारात लिहून घ्यावे. कर्ज थकले आणि बँकेने घर ताब्यात घेतले तर आत राहणाऱ्याची अवस्था फार वाईट होते. डिपॉझिट परत देण्याची तारीख उलटूनही पैसे मिळाले नाहीत तर दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. "आज देतो, उद्या देतो" यात ती तीन वर्षे केव्हा निघून जातात, कळत नाही.

पावतीवर काय असावे?

पावतीवर तारीख, घेणाऱ्याची सही आणि भाडेकरूचे नाव असतेच. ज्या गोष्टी राहून जातात त्या वेगळ्या. कोणत्या महिन्याचे भाडे, हे लिहिलेले हवे. नाहीतर ऑगस्टमध्ये दिलेले पैसे जूनची थकबाकी म्हणून दाखवता येतात. खोलीचा क्रमांक आणि इमारतीचे नाव हवे. पाणी, वीज, दुरुस्तीचे पैसे वेगळे दाखवलेले हवेत. पाच हजारांहून अधिक रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

आणि शब्द नीट वाचावेत. कधी 'भाडे' या शब्दाऐवजी हळूच 'वापराबद्दल नुकसानभरपाई' असा शब्द येतो. नोटीस दिल्यानंतर मालकाचे वकील असे करायला सांगतात, कारण भाडे घेतले असे लिहिले तर नाते पुढे चालू राहिल्याचे मानले जाऊ शकते. कधी एखाद्या ट्रस्टच्या खोलीचे भाडे देणगीच्या पावतीपुस्तकावर फाडले जाते. देणगी दिल्याने सवाब मिळेल, भाडेकरूपण सिद्ध होणार नाही. मजकूर बदललेला दिसला की तिथेच विचारावे. मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे. माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुली हे उत्तम करतात. एकीने तर घरच्या पावतीवर चुकीचा खोली क्रमांक शोधून काढला होता.

छापील पावतीपुस्तक मालकाकडे नसेल तर साधी दोनशे पानी वही चालते. दर महिन्याला एक ओळ लिहायची, समोर मालकाची सही घ्यायची. वही मात्र भाडेकरूने आपल्याकडे ठेवावी.

हल्ली बरेच जण यूपीआयने भाडे देतात. ही फार चांगली सवय आहे, पण तिच्यात दोन फटी राहतात. पैसे बहुधा मालकाच्या मुलाच्या, सुनेच्या नाहीतर एजंटच्या नंबरवर जातात. उद्या मालक म्हणाला, "मला काही मिळाले नाही, मुलाशी तुमचा काय व्यवहार होता मला माहीत नाही," तर? म्हणून कोणत्या खात्यावर भाडे भरायचे ते करारात लिहून घ्यावे. करार आधीच झाला असेल तर मालकाकडून व्हॉट्सअॅपवर तसा एक संदेश मागून घ्यावा. दुसरी फट अशी की ॲपमध्ये पैसे पाठवताना शेरा लिहायची जागा आपण रिकामी सोडतो. तिथे 'जून घरभाडे खोली १२' एवढे लिहायला पाच सेकंद लागतात. फोन हरवला, बदलला तर ॲपमधले जुने व्यवहार सापडत नाहीत. वर्षातून दोनदा बँकेचे पासबुक भरून घ्यावे किंवा खात्याचा उतारा छापून फायलीत लावावा. ज्या संदेशांमध्ये भाड्याचा, दुरुस्तीचा, डिपॉझिटचा उल्लेख आहे ते पुसू नयेत. इलेक्ट्रॉनिक नोंदी आता भारतीय साक्ष अधिनियमाखाली प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून दाखल करता येतात, पण त्यासाठी मूळ नोंद शिल्लक असावी लागते.

नोकरदार भाऊबहिणींसाठी थोडेसे: जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची तर पावत्या लागतात, आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की मालकाचा पॅन क्रमांकही द्यावा लागतो. मालक पॅन द्यायला नाखूश असेल, तर सवलत आपल्या हातून जाते. घर घेतानाच हे बोलून घ्यावे.

मालक भाडेच घेत नसेल तर?

जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत ही युक्ती वारंवार दिसते. मालक दोन-चार महिने भाडे घ्यायला टाळतो. "राहू दे, पुढच्या महिन्यात बघू." भाडेकरू खूश होतो, पैसे घरखर्चात जातात, आणि मग एक दिवस थकबाकीची नोटीस येते.

अशा वेळी पैसे तयार ठेवून ते दिल्याचा प्रयत्न लेखी दिसला पाहिजे. आपले वडील-आजोबा भाडे मनीऑर्डरने पाठवत. मालकाने नाकारली की 'घेण्यास नकार' असा पोस्टाचा शेरा असलेली मनीऑर्डर परत येई, आणि ते ती जपून ठेवत. कोर्टात त्या परत आलेल्या मनीऑर्डरींनी घरे वाचवली आहेत. आज तेच काम बँक खाते आणि स्पीड पोस्टचे पत्र करते. पत्र फार वकिली भाषेत असायला नको. "मोहतरम, मे महिन्याचे भाडे ७,००० रुपये देण्यासाठी मी ५ तारखेला आपल्याकडे आलो होतो. आपण ते घेतले नाही. मी भाडे द्यायला आजही तयार आहे. आपला बँक खाते क्रमांक कळवावा, म्हणजे रक्कम जमा करतो." एवढे पुरे. पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती एकत्र टाचून ठेवावी.

नोटीस आलीच तर घाबरून सामान बांधू नये आणि ती फाडूनही टाकू नये. भाडे थकले म्हणून भाडेकरूला काढायचे तर मालकाने आधी लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. त्या मुदतीत थकबाकी भरली की बहुतेक वाद तिथेच मिटतात. दावा झाला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत संपूर्ण थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून, पुढचे भाडे नियमित भरत राहिल्यास त्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. ही मुदत चुकवू नये. हे संरक्षण भाडेकरूला आहे, लायसन्सवाल्याला नाही, हे पुन्हा सांगते.

असे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

जुन्या इमारती, जुन्या पावत्या

डोंगरी, नागपाडा, मदनपुरा, भेंडीबाजार इथल्या पागडीच्या खोल्यांत 'पावती' या शब्दाला वेगळेच वजन आहे. तिथे खोली विकत घेणे म्हणजे पावती आपल्या नावावर करून घेणे. भाडे दोन-तीनशे रुपये असेल, पण त्या पावतीच्या भरवशावर लाखोंचे व्यवहार होतात. १९९९च्या कायद्याने असा मोबदला घेणे कायदेशीर केले आहे, म्हणून तो चोरून, बिनकागदाचा करण्याचे आता कारण उरलेले नाही.

३० सप्टेंबर १९६९च्या आधी बांधलेल्या बेट शहरातल्या कितीतरी इमारती उपकरप्राप्त आहेत. त्यांचा पुनर्विकास होतो तेव्हा कोण पात्र हे ठरवताना १३ जून १९९६ ही तारीख मध्ये येते. त्यानंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरू मोजले जात नाहीत. म्हणजे आज ज्या नातवाला नवे घर मिळायचे आहे, त्याचा हक्क आजोबांच्या पेटीतल्या तीस वर्षांपूर्वीच्या पावत्यांवर अवलंबून असू शकतो. दिवाळी-ईदच्या साफसफाईत आधी अशीच पिवळी पडलेली कागदे रद्दीत जातात.

कागद घरात एकाच ठिकाणी ठेवणेही पुरेसे नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तसेच झाले. अशा वेळी जिवापुढे कागदाची काय कथा. पण जे वाचतात त्यांना काही दिवसांतच आपण तिथले रहिवासी होतो हे दाखवावे लागते आणि तेव्हा कपाट ढिगाऱ्याखाली असते. भाडेपावत्या, करार, लाइट बिल यांच्या झेरॉक्सचा एक संच गावी किंवा बहिणीच्या घरी असावा. फोटो काढून ते दोन नातेवाइकांना पाठवून ठेवावेत. याला खर्च काहीच नाही.

पावती कोणाच्या नावाची?

हा भाग मी खास भगिनींसाठी राखून ठेवला होता. घराघरांत जाऊन पाहिले तर पावती वडिलांच्या, सासऱ्यांच्या, कधी दहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाने चालू असते. मालक पैसे घेतो, जुन्याच नावाने पावती फाडतो, सगळे मजेत असतात. मग कोणी दीर किंवा चुलता येऊन म्हणतो, खोली आमच्या वडिलांची, तुम्ही कोण?

भाडेकरू वारल्यावर राहत्या घराचा भाडेहक्क त्याच्यासोबत त्या वेळी राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीकडे जातो. आपसात ठरले नाही तर कोणाकडे जाईल हे न्यायालय ठरवते. इथे वारसाहक्काचे हिस्से मोजण्याआधी प्रश्न येतो तो सोबत कोण राहत होते याचा. भाडेहक्क वसीयतीने दुसऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याखालच्या एका प्रकरणात १९९४ मध्ये सांगितले आहे. तेव्हा ज्या सुनेने वीस वर्षे सासू-सासऱ्यांची खिदमत केली, तिच्याकडे आपण त्याच खोलीत राहत होतो हे दाखवणारे काहीतरी हवे. रेशनकार्डावर नाव, मतदार यादीत नाव, गॅसचे कार्ड, बँकेच्या पासबुकावरचा पत्ता. मुलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेला पत्ताही उपयोगी पडतो. शाळेत अर्ज केला तर आम्ही तसा दाखला देतो, आणि अनेक आयांना हे माहीतच नसते.

भाडेकरू वारल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मालकाला पत्र देऊन पावती पुढच्या व्यक्तीच्या नावाने करण्याची मागणी करावी. इद्दतमध्ये असलेल्या बहिणीला बाहेर पडता येत नसेल तर भावाने किंवा मुलाने तिच्या सहीचे पत्र पोस्टाने पाठवावे. नवीन करार करताना तो पती-पत्नी दोघांच्या नावाने करायला काहीच अडचण नसते. एजंट आपणहून विचारत नाही, आपण सांगावे लागते. मालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल तर त्या पोचपावतीची प्रत मागून घ्यावी. त्यात घरातल्या सर्वांची नावे असतील तर उत्तम.

वाद झाला म्हणून मालकाला पाणी तोडता येत नाही, वीज कापता येत नाही. भाडेकरूच्या बाबतीत कायद्याचे २९वे कलम ते स्पष्ट शब्दांत मना करते आणि न्यायालय पुरवठा पूर्ववत करण्याचा हुकूम देऊ शकते. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप लावून, सामान बाहेर काढून ताबा घेतला तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३च्या सहाव्या कलमाखाली ताबा परत मिळवण्याचा दावा करता येतो, पण तो सहा महिन्यांच्या आत. त्या दाव्यात आधी विचारले जाते ते हेच, की त्या दिवसापर्यंत तुम्ही तिथे राहत होता हे कशावरून.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती घेता येते. जाताना करार, पावत्या, पासबुक आणि मालकाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात.